हंड्याखाली गेलेली हवा

"वहिनी दिसत नाहीत?" असं सोसायटीत कुणी विचारलं, की माझा नवरा शांतपणे सांगायचा, "बीडला गेलीय. हवा आणायला."

लोक हसायचे. समोरच्या काकूंनी तर थेट विचारलं म्हणे, "पुण्यातली संपली का?" नवऱ्याला असले विनोद फुकटात मिळाले की तो महिनाभर पुरवून खातो. पण खरं सांगायचं तर तो खोटं बोलत नव्हता. मी बीड जिल्ह्यात हवाच आणायला गेले होते. तीन ठिकाणची, तीन महिन्यांची.

माझं वय एकोणपन्नास. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि ज्या वयात माझ्या मैत्रिणी मुलांसाठी स्थळं बघतात त्या वयात पीएचडी करते. दोनदा मुदतवाढ घेऊन झालेली. मार्चअखेर प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, सात वर्षं पाण्यात. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं आणि ते बीडमध्ये तीन जागी टांगलेलं होतं.

हे काय प्रकरण, ते थोडक्यात सांगते. सोफ्याच्या फोममध्ये, टीव्हीच्या काळ्या पाठीत, वायरींच्या वेष्टनात लवकर आग लागू नये म्हणून काही रसायनं घालतात. आगीपासून वाचवतात, इथपर्यंत गुणाची. पण ती घातली तिथे गप्प बसत नाहीत. हळूहळू हवेत येतात, धुळीला चिकटतात, वाऱ्यावर चढून कुठल्या कुठे जातात, आणि एकदा पोचली की विरत नाहीत, कुजत नाहीत. लांबच्या नात्यातल्या पाहुण्यांसारखा मुक्काम ठोकतात. मोठं पाणी त्यांना फार मानवतं. हवेतून पाण्यात, पाण्यातून गाळात, गाळातून माशात आणि माशातून आपल्या ताटात. परदेशातल्या मोठमोठ्या तळ्यांवर याचा पुष्कळ अभ्यास झालाय. आपल्या धरणांवर कुणी फारसं बघत नाही, म्हणून मी बघायला निघाले.

यंत्र म्हणाल तर हसाल. स्टीलचे दोन वाडगे, एक मोठा, एक लहान, तोंडाकडे तोंड करून सळईला लटकवलेले. मध्ये फट, आत छोट्या भाकरीएवढी पांढरी फोमची चकती. हवा फटीतून जाते-येते, चकती तिच्यातलं नको ते टिपत राहते. वीज नको, बटण नको. फक्त चकतीला हात लावायचा नाही. चिमट्यानं उचलायची, फॉइलमध्ये गुंडाळायची, डब्यात बंद करायची. उचलणाऱ्या माणसानं पावडर लावायची नाही, अत्तर नाही, डोक्याला तेल नाही. दिवाळीनंतर मी ही तीन यंत्रं टांगून आले होते: एक पाटोद्याला, एक मांजरसुंब्याला आणि एक माजलगावच्या धरणाच्या काठावर. जानेवारीच्या शेवटी चकत्या गोळा करायला निघाले.

कडा

एसटी कड्याजवळ उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली. दोन दोन ट्रॉल्या, वरून लोंबणारा ऊस आणि ट्रॅक्टरवर अशा आवाजात गाणी की ऊस घाबरून आपोआप रस सोडेल. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत कोंबडी. कोंबडीनं आणि बाईंनी मला नगरपासून निरखलं होतं.

"बाई," त्या शेवटी म्हणाल्या, "डोक्याला तेल कावून न्हाई?"

"कामाला चाललेय," मी म्हणाले. "तेल चालत नाही."

"तेल चालत न्हाई असं कोन्तं काम?" त्यांनी जरा थांबून आवाज खाली आणला. "घरात काई वाईट झालंय का? सांगा, मन हलकं हुतं."

मी घाईघाईनं नवरा जिवंत असल्याचं सांगितलं. तोंडाला पावडर नाही, केस कोरडे, हातात फॉइलची भेंडोळी आणि पत्र्याचे डबे: त्यांचा विश्वास काही बसला नाही. जामखेडला उतरताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि चार शेंगदाण्याचे लाडू हातात कोंबले. पुण्यात मी तीन दिवस जेवले नाही तरी बसमध्ये कुणी विचारणार नाही. इथे डोक्याला तेल नव्हतं एवढ्यावर मला लाडू मिळाले.

पाटोदा

पाटोद्यात यंत्र होतं बाजारपेठेतल्या एका गुरुजींच्या गच्चीवर. गुरुजी निवृत्त, शिस्तीचे. रोज सकाळी वर जाऊन यंत्र जागेवर आहे ना बघायचे आणि वहीत 'आहे' असं लिहायचे. नव्वदच्या वर वेळा 'आहे' लिहिलेली ती वही त्यांनी मला सहीसाठी पुढे केली. मी सही केली. चकती छान करडी झाली होती, चिमट्यानं उचलली, बंद केली. एक झालं.

जेवायला येसर आमटी. भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा असा वास की पहिल्या घासाला माझं पुणेरी नाक वाहायला लागलं. गुरुजींच्या सूनबाई म्हणाल्या, "तिखट झाली का? फिक्की केलीय मुद्दाम तुमच्यासाठी." मी डोळे पुसत आणखी वाढून घेतली.

झोपायची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली. त्यांनी माझ्यासाठी कोरी करकरीत फोमची गादी घातली होती, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. आणि मी फोमच्या गादीवर झोपून दुसऱ्या दिवशी चकतीला हात घालणार? छे! मी सतरंजी मागितली. गुरुजींचा चेहरा पडला. "गादी काय कमी पडली का मॅडम?" मी पाठ दुखते म्हणाले. मग रात्रीच्या दुधाबरोबर पाठीला लावायला तेल आलं.

मांजरसुंबा

सकाळी सुदामची जीप ठरवली. सुदाम तिशीचा, बारीक मिशीचा, सगळ्या प्रश्नांना आधीच उत्तर तयार ठेवणारा. जीपमध्ये नवी फोमची सीट बघून मी मागे पत्र्याच्या पेटीवर बसले. त्यानं आरशातून बघितलं, काही विचारलं नाही. हा त्याचा मोठेपणा.

मांजरसुंब्याला चारी दिशांच्या गाड्या येऊन मिळतात. माझं यंत्र तिथल्या एका ढाब्याच्या छपरावर होतं. शिडी चढून वर गेले तर यंत्राला लिंबू-मिरची बांधलेली, वर काळी बाहुली.

"अहो, हे काय?" मी खाली ओरडले.

ढाब्याचा मालक कढई सोडून बाहेर आला. "नजर लागंल म्हणून बांधलं मॅडम. येनारा-जानारा इचारतो, ही काय मशीन हाय. मी सांगतो, सरकारी कॅमेरा हाय. तवापासून ट्रकवाले भिंतीला पानी सोडंना झालेत."

"अन् हवेचं काय बे?" सुदाम म्हणाला. "मॅडमला हवा पायजेल."

"हवेला कोन हात लावतंय?"

खरंच कुणी लावला नव्हता. चकती काळीभोर, पण जागची हललेली नाही. लिंबू-मिरचीची नोंद रकान्यात कुठे करायची ते मला कळेना, म्हणून 'इतर' मध्ये केली. मग खाली बसून शेवभाजी आणि कडक भाकरी खाल्ली. मी इतकी खूश होते की मालकानं आणखी एक भाकरी टाकली तरी नको म्हणाले नाही. दोन चकत्या हातात होत्या. तिसरी धरणावरची, आणि खरी महत्त्वाची तीच. पाटोदा गाव म्हणून, मांजरसुंबा रस्ता म्हणून. पण मोठ्या पाण्यावरच्या हवेत काय असतं हा तर सगळा प्रश्न. ती नसेल तर पहिल्या दोन नुसत्या मळक्या चकत्या.

धरणाचा काठ

बीड सोडून पुढे गेलं की माळाचा रंग हळूहळू बदलतो. दगड मागे पडतात, काळी जमीन येते, मग ऊस, आणि मग एकदम डोळ्यांपुढे पाणी. इतकं पाणी, की मराठवाड्यात आहोत हे विसरायला होतं. पलीकडचा काठ धुरकट. मासेमारी करणारे थर्माकोलच्या जाड लाद्यांवर मांडी घालून बसलेले, हातानं वल्हवत जाळी बघत होते. माझी नजर सगळं सोडून त्या थर्माकोलवर. असल्या लाद्यांतही हेच माझे पाहुणे असू शकतात. सुदाम म्हणाला, "मॅडम, बगळे बघा की जरा." बघितले. सुंदर होते.

काठावरच्या वस्तीत गयाबाई राहतात. नवरा रामभाऊ मेंढरं राखतो, थोडी जमीन आहे, एक सून आहे, मुलगा मेंढरांबरोबर लांब गेलेला. त्यांच्या दारातल्या कडुलिंबाला मी यंत्र टांगलं होतं. नोव्हेंबरात आले तेव्हा बीडची परतीची गाडी चुकू नये म्हणून घाईत होते. टांगलं, "याला हात लावू नका हं कुणी," म्हणाले आणि पळाले.

जीपमधून उतरले आणि आधी लिंबाकडे बघितलं. सळई होती. वाडगे नव्हते.

खाली वाकून गवतात शोधायला लागले. तेवढ्यात गयाबाई हसत बाहेर आल्या. "आलाव का! लई वाट बघितली." त्यांच्या हातात फडक्यानं झाकलेलं काहीतरी होतं. त्यांनी फडकं काढलं. माझे दोन्ही वाडगे, राखेनं घासून लखलखीत, तोंड दिसेल असे. मोठ्यात भुईमुगाच्या भाजक्या शेंगा, लहान्यात तिळाचे लाडू.

"हे... हे काय?"

"तुमचं भांडं हाय न्हवं? दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं द्यायचं बाई? संक्रांतीला समदी भांडी काढली घासायला, तवा तुमचं बी घेतलं. ह्ये असं काळं पडलं होतं!"

"आणि आतलं? आत फोम होता, पांढरा..."

"पांढरा?" त्या हसल्या. "कोळसा झालता त्याचा. तसलं कुनाला परत द्यावं का? सुनेच्या माहेरून गादी आलीय नवी, तिच्या कोपऱ्याचा गोल कापून ठिवलाय तुमाला." आणि लाडवांच्या खालून त्यांनी काढला गुलाबी फोमचा नीटस गोल. बरोबर मापाचा. कडेनं दोरा घातलेला, उसवू नये म्हणून.

मी तो गुलाबी गोल बघत राहिले. आग लागू नये म्हणून ज्यात ती रसायनं घातलेली असतात, नेमकी तसलीच वस्तू. हा गोल प्रयोगशाळेत गेला असता तर माजलगावच्या हवेचं नाव जगात गाजलं असतं.

"जुना कुठेय?" मी विचारलं. 

गयाबाईंनी पाण्याच्या बाजूला मान उडवली. पायवाटेवरून त्यांची सून येत होती. डोक्यावर स्टीलचा हंडा, पाण्यानं काठोकाठ, चाल अशी की थेंब सांडेना. आणि हंड्याखाली, केसांवर, चुंबळीच्या जागी, माझी चकती. सात वर्षं, दोन मुदतवाढी आणि शेवटचं प्रकरण, वर हंडाभर पाणी, खाली खोबरेल तेल.

"लई मऊ हाय," सून हंडा उतरवत म्हणाली. "कापडाच्या चुंबळीनं डोकं दुखायचं. याच्यानं न्हाई दुखत."

मी भडकले. लपवत नाही, चांगली भडकले. "सांगितलं होतं ना मी, हात लावू नका म्हणून! एवढी साधी गोष्ट! तीन महिने वाया गेले माझे, कळतंय का? माझी पदवी गेली!" आणखीही काय काय बोलले. कॉलेजात मुलांवर ओरडते तसा आवाज होता. शेळी दावणीला ओढ देऊन लांब सरकली. सुदाम जीपमागे गेला. सून चकती हातात धरून उभी, काय करावं तिला कळेना.

गयाबाईंनी माझं संपू दिलं. मग म्हणाल्या, "हात लावू नका म्हनलाव तुमी. कावून, ते न्हाई सांगितलं."

मी लिंबावरच्या रिकाम्या सळईकडे बघितलं.

"मागं बी लोक आलते," त्या म्हणाल्या. "गाडी घिऊन. धरनाच्या पान्याच्या बाटल्या भरून नेल्या, मासळी नेली, आमचं नाव लिहून नेलं. च्या पाजला समद्यांला. तवापासून गेलेत ते गेलेतच. पान्यात काय निघालं, कुनी येऊन सांगितलं न्हाई. आमी पितोय तसंच पितोय. मला वाटलं, तुमचं बी तसंच. भांडं टांगलं, इसरून गेलाव. तरी भांडं जपलं मी."

लाज वाटली. अगदी कानापर्यंत वाटली. पुण्याहून दोन वेळा इथे यायला मला वेळ होता, पण कशासाठी आले ते सांगायला पाच मिनिटं नव्हती.

खाटेवर बसले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. सोफे, टीव्ही, वायरी, वारा, पाणी, गाळ, मासा. रामभाऊही येऊन बसले. गुलाबी गोल दाखवून म्हटलं, "तुम्ही मला जे चांगलं म्हणून दिलंत ना, मी तेच हवेत शोधतेय." यावर गयाबाई आधी थक्क झाल्या, मग पदर तोंडाला लावून अशा हसल्या की सूनही हसली, मग मीही.

"मंग आमच्या हवेत हाय का त्ये?" रामभाऊंनी विचारलं.

"माहीत नाही."

"कवा कळंल?"

याचं उत्तर होतं सुनेच्या हातात, खोबरेल तेलात.

सुदाम मला बाजूला घेऊन गेला. त्याचं उत्तर अर्थातच तयार होतं. "मॅडम, मांजरसुंब्याची चकती काळीच हाय. अर्धी कापा. अर्धी तिथली, अर्धी हितली म्हणून द्या. हवा काय, वाऱ्यानं हिकडंच येती. कोनाला कळायलंय?"

हसू नका. मी मिनिटभर विचार केला. मार्च डोळ्यांपुढे आला, तिसऱ्यांदा मुदतवाढ मागायला समितीपुढे उभी असलेली मी दिसले. कात्री पिशवीत होती. कुणाला कळलं नसतं, हेही खरं. पण मग रामभाऊंना जे उत्तर मिळालं असतं ते मांजरसुंब्याच्या ट्रकांचं. हे लोक ते खरं मानून तेच मासे खात बसले असते, नाहीतर उगाच घाबरून सोडले असते. मी सुदामला म्हटलं, "गप्प बस."

"ऱ्हायलं," तो म्हणाला.

माझ्याकडे एक जादा चकती होती, कोरी, डब्यात बंद. शेंगा-लाडू वाडग्यांतून काढले, वाडगे बरोबर आणलेल्या द्रावकानं पुसले, चिमट्यानं चकती बसवली. या वेळी सगळं गयाबाईंना दाखवून केलं. त्या जवळ येऊन म्हणाल्या, "चिमटा मला द्या की. भाकरी काय हातानं उलटतो का आमी?" सळईचा स्क्रू सुनेनं आवळला. जुनी चकती मी तिलाच दिली आणि लगेच परत घेतली. इतके दिवस हवेतलं टिपलेलं ते, डोक्यावर कशाला ठेवायचं? त्याऐवजी माझा सुती दुपट्टा दिला. त्याची चुंबळ मऊ झाली, पण फोमएवढी नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं.

जेवायला कांदा घातलेला झुणका आणि भाकरी होती. मासे नव्हते. "तुमचं ऐकल्यावर आज नको वाटलं," गयाबाई म्हणाल्या. हे मला फार लागलं. मी म्हटलं, अजून काही सापडलेलं नाही, बिनधास्त खा. त्या म्हणाल्या, "बरं. सापडलं न्हाई, का बघितलंच न्हाई?" सात वर्षांत माझ्या मार्गदर्शकांनी मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

निघताना शेंगा-लाडू त्यांनी स्वतःच्या डब्यात भरले. स्टीलचा जुना डबा, झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं: गयाबाई. मी म्हटलं, पिशवीत द्या, डबा कशाला? त्यांनी ऐकलं नाही.

"डबा ऱ्हाऊ द्या. डबा दिला की मानूस परत येतं," त्या म्हणाल्या. "बाटलीवाल्यांला नुसताच च्या दिला, तितं चुकलं माझं."

पुणे

मार्च आला. समितीपुढे उभी राहिले. अर्जात 'नमुना वाया जाण्याचे कारण' असा रकाना होता. 'ग्रामस्थांचे अज्ञान' असं लिहा, एका अनुभवी सहकाऱ्यानं सुचवलं, तसंच लिहितात म्हणे सगळे. मी लिहिलं: 'यंत्र कशासाठी आहे हे संशोधकाने सांगितले नव्हते.' समितीतले एक गृहस्थ ते वाचून चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मुदतवाढ मिळाली. शेवटची, असं खाली अधोरेखित करून.

गुलाबी गोल माझ्या टेबलावर आहे. नवरा त्यावर चहाचा कप ठेवतो, मी रोज उचलायला लावते. समोरच्या काकूंचा चिवड्याचा डबा मी दिवाळीपासून परत केला नव्हता. या वेळी वड्या घालून दिला, तर त्या घाबरल्या, "काय विशेष?" म्हणाल्या.

गयाबाईंचा डबा ओट्यावर आहे, घासून ठेवलेला. एप्रिलअखेर चकती काढायला जायचंय. त्या वेळी गयाबाईच चिमट्यानं काढतील, तसं ठरलंय. पण तेव्हा डबा नेणार नाही. चकतीत काय निघालं ते कळायला आणखी महिनाभर तरी लागेल. मग एका कागदावर मराठीत लिहीन, मोठ्या अक्षरात, जे निघालं असेल ते, चांगलं किंवा वाईट. तो कागद डब्यात तळाशी घालीन, वर बेसनाचे लाडू भरीन आणि चौथ्यांदा बीडची एसटी पकडीन. नवऱ्याला सांगून ठेवलंय. सोसायटीत कुणी विचारलं तर म्हणायचं, डबा परत द्यायला गेलीय.